ट्रॅकवर जाणाऱ्या गाडीला कोणते ब्रेक घ्यावेत: बिडाचे की कार्बन सिरॅमिकचे?

वेगवान गाडीची मागणी नोंदवताना जास्तीच्या पर्यायांची जी यादी समोर येते, तिच्यात ब्रेकच्या ओळीपाशी बहुतेकांचे बोट थबकते. पोर्शे ९११ जीटी३ घेणाऱ्याला तर हा प्रश्न हमखास पडतो, कारण या गाडीला कंपनी नेहमीचे, म्हणजे खरे तर बिडाचे, 'स्टील' ब्रेकही देते आणि वरचे पैसे मोजल्यास कार्बन सिरॅमिकचे, ओळखीच्या पिवळ्या कॅलिपरचे (फिरणाऱ्या डिस्कवर घर्षणाचे पॅड दाबणाऱ्या चिमट्याचे) ब्रेकही देते. ९९१ पिढीच्या जीटी३वर अमेरिकेत या एका पर्यायाची किंमत ९,००० डॉलरच्या वर होती. एवढे पैसे एका ओळीवर खर्च करायचे तर ती वस्तू सर्वच बाबतींत सरस असली पाहिजे, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात ती काही बाबतींत फार सरस आहे आणि ट्रॅकच्या दृष्टीने ज्या एका बाबतीत सर्वांत जास्त फरक पडतो, तिथे ती मागे आहे.

माझे मत आधीच सांगतो. वर्षातून चार-पाचपेक्षा जास्त दिवस जी गाडी ट्रॅकवर मनापासून पळवली जाणार आहे, तिला बिडाच्या डिस्क असाव्यात. जी गाडी मुख्यतः रस्त्यावर चालणार आहे आणि वर्षाकाठी एखाद-दोन वेळा ट्रॅक पाहणार आहे, तिला कार्बन सिरॅमिक शोभतात आणि परवडतातही. या मतामागची कारणे नीट समजली, तर आपली गाडी या दोन टोकांच्या मध्ये कुठे बसते हे आपले आपल्यालाच ठरवता येईल.

दोन्ही डिस्क मुळात कशाच्या असतात

ट्रॅकवर सगळे 'स्टील ब्रेक' म्हणतात, पण त्या डिस्कमध्ये पोलाद नसते. ती करड्या ओतीव लोखंडाची, म्हणजेच बिडाची असते. घावनासाठी आपण जो बिडाचा तवा वापरतो, त्याच जातीचा हा धातू. वाहनांच्या भागांसाठी कोल्हापूरच्या फाउंड्र्यांत वर्षानुवर्षे ज्याचे ओतकाम होत आले आहे, तोच हा माल. तव्याचे गुण डिस्कमध्येही दिसतात: वजन भरपूर, तापायला वेळ लागतो आणि एकदा घेतलेली उष्णता तो बराच काळ धरून ठेवतो. बिडामध्ये ग्राफाइटचे बारीक पापुद्रे पसरलेले असतात. त्यांच्यामुळे पृष्ठभागावर निर्माण झालेली उष्णता डिस्कच्या अंगात झटकन शिरते आणि ब्रेक लावताना होणारी थरथरही बऱ्याच अंशी विरून जाते. स्वस्त म्हणून केवळ बीड वापरले जाते असे नाही. डिस्कसाठी तो खरोखरच चांगला धातू आहे.

कार्बन सिरॅमिक डिस्कची घडण अगदी निराळी असते. कार्बनचे आखूड तंतू आणि रेझिन (चिकट राळ) यांचे मिश्रण साच्यात दाबून आधी डिस्कचा आकार दिला जातो. मग हवेचा संपर्क टाळून सुमारे ९०० ते १,००० अंश सेल्सियसला ती भाजली जाते, म्हणजे रेझिनचा कार्बन होतो आणि आत बारीक छिद्रे उरतात. शेवटी वितळलेले सिलिकॉन या छिद्रांत शोषून घेतले जाते. सिलिकॉनचा वितळणबिंदू १,४१४ अंश असल्यामुळे हे काम त्याहून जास्त तापमानाला होते आणि तिथे सिलिकॉनचा कार्बनशी संयोग होऊन सिलिकॉन कार्बाइड हा अतिशय कठीण पदार्थ तयार होतो. प्रत्येक डिस्क भट्टीत एकाहून जास्त वेळा जाते आणि तिथे तासन्‌तास राहते. किमतीचे मुख्य कारण हेच आहे. पोर्शेने असे ब्रेक २००१ मध्ये ९११ जीटी२वर आणले, २००२च्या फेरारी एन्झोवर ब्रेम्बोचे आले आणि त्यानंतर हळूहळू प्रत्येक मोठ्या नावाच्या वेगवान गाडीवर ते दिसू लागले.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. फॉर्म्युला वनच्या गाड्यांवर जे ब्रेक असतात ते कार्बन-कार्बनचे, म्हणजे सिलिकॉन कार्बाइड नसलेले, निव्वळ कार्बनचे असतात. ते थंड असताना नीट पकडतच नाहीत, त्यांना आधी काही शे अंशांपर्यंत तापवावे लागते. सिरॅमिक डिस्क मात्र थंड असतानाही काम करते, म्हणून ती रस्त्यावर चालते. 'शर्यतीच्या गाडीवर असतात तेच ब्रेक' हे वाक्य त्यामुळे सिरॅमिकला लागू पडत नाही. उलट पोर्शेची शर्यतीसाठी बांधलेली ९११ जीटी३ कप बिडाच्या डिस्कवर पळते आणि एफआयए या मोटारशर्यतींच्या जागतिक संघटनेच्या जीटी३ वर्गातल्या गाड्याही बिडाच्याच डिस्क वापरतात. तिथे खर्चाला लगाम घालणारे नियम आहेत हे खरे, परंतु २४ तासांची शर्यत बिडावर पूर्ण होऊ शकते एवढे तरी त्यातून सिद्ध होतेच.

उष्णतेचा हिशेब

ब्रेकचे काम म्हणजे गतीची ऊर्जा उष्णतेत बदलणे आणि ती उष्णता पुढच्या वळणाच्या आत हवेत सोडून देणे. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर तिसऱ्या आणि चौथ्या वळणाच्या मध्ये एक किलोमीटरहून लांब सरळ पट्टा आहे. तिथे चालकासह दीड टनाच्या आसपास, म्हणजे समजा १,५५० किलो वजनाची गाडी ताशी २४० किलोमीटरवरून ८० वर आणायची झाली, तर सुमारे ३० लाख जूल ऊर्जा गिळावी लागते. हवेचा रोध आणि इंजिन त्यातला थोडा वाटा उचलतात, पण सोयीसाठी तो सोडून देऊ. पुढच्या चाकांवर दोन तृतीयांश भार धरला, तर पुढच्या एका डिस्कच्या वाट्याला सुमारे दहा लाख जूल येतात. बिडाच्या डिस्कच्या घासणाऱ्या कड्याचे वजन नऊ किलो असेल, तर एवढ्या उष्णतेने ते कडे सव्वादोनशे अंशांच्या आसपास तापते. हे एका वळणावरचे झाले. पहिल्या आणि तिसऱ्या वळणावरही असेच जोरात थांबावे लागते आणि मधल्या वेळात डिस्क पूर्ण थंड होत नाही, म्हणून दोन-तीन फेऱ्यांत तिचे तापमान ५०० ते ६०० अंशांत जाऊन स्थिरावते.

आता सिरॅमिक पाहू. त्याची घनता बिडाच्या साधारण एक तृतीयांश असते, पण डिस्क आकाराने मोठी ठेवावी लागते, म्हणून वजन प्रत्यक्षात निम्म्यावर येते. त्याच कड्याचे वजन पाच किलो धरले, तर ते तेवढ्याच उष्णतेने दोनशे ते अडीचशे अंश तापते, कारण दर किलोमागे सिरॅमिक बिडाच्या दीड ते दोन पट उष्णता सामावून घेते. म्हणजे निम्म्या वजनात जवळपास तेवढेच काम होते. हीच सिरॅमिकची खरी करामत आहे आणि तिचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. ९९१ जीटी३वर बिडाच्या पुढच्या डिस्क ३८० मिलिमीटर व्यासाच्या होत्या, तर सिरॅमिकच्या ४१० मिलिमीटरच्या, यामागचे एक कारण हेच आहे.

परंतु उष्णता साठवणे एक आणि ती आत पसरवणे वेगळे. आखूड तंतूंच्या सिरॅमिक डिस्कमध्ये उष्णता बिडाइतक्या वेगाने आत शिरत नाही, त्यामुळे घासणारा पृष्ठभाग जास्त तापतो आणि उष्णतेचा मोठा वाटा पॅडकडे, तिथून कॅलिपरकडे आणि शेवटी ब्रेक ऑइलकडे सरकतो. सिरॅमिक ब्रेक बसवले म्हणजे ब्रेक ऑइलची काळजी मिटली, असे समजणाऱ्याला पेडल खाली गेल्यावर या वस्तुस्थितीचा पत्ता लागतो.

आणि गाडी किती अंतरात थांबते? पहिल्या जोरदार ब्रेकला दोन्ही डिस्क सारख्याच. कोणतीही चांगली डिस्क चाक अडवून एबीएस (चाक अडकून घसरू न देणारी यंत्रणा) जागे करू शकते, त्यापुढे गाडी किती लवकर थांबेल हे टायरच्या पकडीवर ठरते. 'सिरॅमिक लवकर थांबवते' हा समज घेऊन कोणी पैसे भरत असेल, तर त्याने त्यातले थोडे चांगल्या टायरवर घालावेत.

डिस्क संपते कशी

निवड कशी करावी याचे उत्तर मला स्वतःला या प्रश्नात सापडले, म्हणून इथे थोडे थांबतो.

बिडाची डिस्क डोळ्यांदेखत झिजते. ती पातळ होत जाते आणि किती पातळ चालेल तो आकडा डिस्कवरच कोरलेला असतो; मायक्रोमीटर लावला की कळते. दुसरे म्हणजे तापण्या-निवण्याच्या फेऱ्यांनी तिच्यावर केसासारख्या बारीक भेगा पडतात. अशा भेगा असणे हा दोष नाही, ट्रॅकवर चाललेल्या प्रत्येक डिस्कवर त्या दिसतात. डिस्क गार झाल्यावर त्यांच्यावरून आडवे नख फिरवावे. नख सरसर निघून गेले तर काळजी नाही. नख अडू लागले तर लक्ष ठेवावे. दोन भोकांमधल्या भेगा एकमेकींना मिळाल्या असतील किंवा एखादी भेग डिस्कच्या कडेपर्यंत पोहोचली असेल, तर त्या डिस्कवर आणखी एकही फेरी मारू नये. भोके पाडलेल्या डिस्कवर भेगा भोकांपासूनच सुरू होतात, म्हणून ट्रॅकसाठी भोकांऐवजी खाचा असलेली डिस्क घ्यावी असे मी सुचवतो. ॲल्युमिनियमच्या मधल्या भागावर बिडाचे कडे मोकळे ठेवून बसवलेली दोन तुकड्यांची डिस्क मिळाली तर फारच उत्तम, कारण तापल्यावर कड्याला फुगायला जागा मिळते, वजनही थोडे वाचते आणि पुढच्या वेळी फक्त कडे बदलता येते.

सिरॅमिक डिस्कची झीज मात्र जाडीवरून कळत नाही. सुमारे ४०० ते ५०० अंशांच्या पुढे हवेतल्या ऑक्सिजनमुळे तिच्यातला कार्बन हळूहळू जळू लागतो. सिलिकॉन कार्बाइड जागेवर राहते, डिस्कची जाडी तेवढीच राहते, वरवर पाहता पृष्ठभागही फारसा बदलत नाही, पण आतून ती पोकळ आणि कमजोर होत जाते. म्हणून या डिस्कवर किमान जाडीबरोबर किमान वजनही ग्रॅममध्ये छापलेले असते. बुद्ध सर्किटच्या पॅडॉकमध्ये, म्हणजे गाड्या उभ्या करण्याच्या आवारात, एकदा एका मित्राच्या गाडीची पुढची सिरॅमिक डिस्क आम्ही उतरवली, पुसून कोरडी केली आणि काट्यावर ठेवली. रंग एकसारखा करडा, कडा शाबूत, हाताला गुळगुळीत. बाजारात दाखवली असती तर कोणीही नव्यासारखी म्हटले असते. काट्यावरचा आकडा छापलेल्या किमान वजनापेक्षा जेमतेम ४० ग्रॅमनी जास्त होता. त्या दिवशीच्या उरलेल्या दोन सत्रांत मित्र गाडीत बसला नाही, आणि त्याचे बरोबर होते.

हे जळणे तापमानावर अवलंबून असते. रस्त्यावर डिस्क क्वचितच एवढी तापते, म्हणून तिथे सिरॅमिक डिस्क गाडीच्या आयुष्यभर टिकू शकते आणि विक्रेता ते सांगतो तेव्हा खोटे बोलत नाही. ट्रॅकवर मात्र तीच डिस्क दर फेरीला त्या तापमानाच्या वर जाते. अखंड, लांब तंतू वापरून केलेल्या सिरॅमिक डिस्क बाहेर स्वतंत्रपणे मिळतात. त्या उष्णता जास्त चांगली पसरवतात आणि ट्रॅकवर जास्त टिकतात. ज्याला सिरॅमिकवरच राहून ट्रॅक करायचा आहे, त्याने कंपनीच्या डिस्क संपल्यावर त्यांचा विचार करावा.

आपल्या गाडीचे ठरवायचे कसे

पहिले काम म्हणजे येत्या वर्षातले ट्रॅकचे दिवस कागदावर लिहून काढणे. मनातले दिवस लिहू नयेत, गेल्या वर्षी प्रत्यक्षात झालेले लिहावेत. मग प्रत्येक दिवसातली सत्रे आणि ट्रॅकची जात पाहावी. कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेसारखा सुमारे दोन किलोमीटरचा लहान ट्रॅक आणि लांब सरळ पट्ट्याचे बुद्ध सर्किट यांत डिस्कवर पडणारा ताण सारखा नसतो. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते, म्हणून लांब पट्ट्याच्या शेवटी येणारे एक वळण लहान ट्रॅकवरच्या अनेक वळणांना भारी पडते. गाडीचे वजन हा तिसरा मुद्दा. दोन टनांच्या जवळ जाणारी दणकट सेडान चालवणाऱ्याचे ब्रेक हलक्या गाडीच्या मानाने कितीतरी लवकर तापतात, मग डिस्क कोणतीही असो.

त्यानंतर दर दिवसाचा खर्च काढावा. चारही डिस्क आणि पॅड यांची एकूण किंमत भागिले तो संच किती दिवस टिकतो, एवढे साधे गणित आहे. मोटारीसोबत सिरॅमिक घेताना आपण एकदाच पैसे भरतो, पण संपल्यावर चारही नव्या घ्यायच्या झाल्या तर त्यांचा खर्च बिडाच्या संचाच्या कैक पट होतो, शिवाय भारतात माल बाहेरून मागवायचा म्हणजे वाट पाहणे आले. या आकड्याचा परिणाम चालवण्यावरही होतो, आणि मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. ज्याच्या मनात डिस्कची किंमत घोळत असते, तो ब्रेक लवकर आणि हलका लावतो, सरळ पट्ट्यावर जास्त वेळ पेडलवर पाय ठेवतो आणि नेमकी त्यामुळेच डिस्क जास्त वेळ तापत ठेवतो. उशिरा, ठाम आणि थोडा वेळ ब्रेक लावणे ही ट्रॅकवर शिकायची पहिली गोष्ट आहे, आणि डिस्क बिनधास्त खर्ची घालता येत असेल तरच माणूस ती शिकतो.

सिरॅमिकच्या बाजूने जे आहे तेही प्रामाणिकपणे मांडतो. चारही चाकांत मिळून पंधरा-वीस किलोंची बचत होते आणि हे वजन स्प्रिंगच्या खालचे, त्यातही फिरणारे असते. खडबडीत रस्त्यावर, ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यावरून (कर्बवरून) जाताना आणि स्टिअरिंग वळवताना गाडी हलकी लागते, हा फरक जाणवतो. चाकांवर काळी धूळ जवळजवळ जमत नाही. आणि आपल्याकडे महत्त्वाची गोष्ट म्हणजे सिरॅमिक डिस्क गंजत नाही. मुंबईत किंवा गोव्यात समुद्राजवळ राहणाऱ्याची गाडी पावसाळ्यात चार महिने झाकून उभी असेल, तर बिडाच्या डिस्कवर तांबूस थर चढतो, कधी पॅड डिस्कला चिकटतो आणि पहिले काही किलोमीटर खरखर ऐकू येते. हा थर वरवरचा असतो आणि ब्रेक लावल्यावर निघून जातो, तरी गाडी जपणाऱ्याला तो खुपतो. पावसात ओल्या झालेल्या सिरॅमिक डिस्कला मात्र पहिल्या दाबाला पकड यायला क्षणभर उशीर होऊ शकतो, हे ध्यानात ठेवावे. घाटात पाऊस चालू असेल तर मधूनमधून हलका ब्रेक लावून डिस्क कोरडी ठेवण्याची सवय लावून घ्यावी.

डिस्कच्या आधी करायच्या गोष्टी

डिस्क बदलण्याचा विचार करणाऱ्या बहुतेकांची खरी अडचण डिस्क नसते. पेडल मऊ होऊन खाली जात असेल, तर ब्रेक ऑइल उकळले आहे. पेडल घट्ट आहे पण गाडी थांबत नाही, तर पॅड त्याच्या तापमानाबाहेर गेला आहे. दोन्हींवर नवी डिस्क हा उपाय नव्हे.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते आणि त्याचा उत्कलनबिंदू उतरतो. साध्या डॉट ४ दर्जाच्या ऑइलचा किमान उत्कलनबिंदू नवे असताना २३० अंश आणि ओल शोषल्यावर १५५ अंश धरला जातो. कॅस्ट्रॉल एसआरएफचे हे आकडे ३२० आणि २७० आहेत, तर मोटुल आरबीएफ ६६०चे ३२५ आणि २०४. नव्या ऑइलचा आकडा सगळेच मिरवतात. आपल्या दमट हवेत दुसरा आकडा पाहून ऑइल घ्यावे. दर दोन-तीन ट्रॅक दिवसांनंतर कॅलिपरमधून थोडे ऑइल काढून हवा काढून घ्यावी आणि वर्षातून एकदा सगळे बदलावे.

पॅड डिस्कच्या जातीचाच हवा. बिडासाठी केलेला पॅड सिरॅमिकवर लावला तर डिस्क खराब होण्याची भीती असते, आणि सिरॅमिकसाठी केलेला पॅड बिडावर त्याच्या गुणाने चालेल असे नाही. पागिदचे आरएससी१ हे पॅड सिरॅमिक डिस्कसाठी आहेत. पॅडच्या खोक्यावर डिस्कची जात स्पष्ट लिहिलेली असल्याशिवाय घेऊ नयेत. याशिवाय बंपरमधून डिस्कच्या मध्यभागी हवा नेणारी नळी बसवली, तर तापमान जेवढे उतरते तेवढे दुसऱ्या कोणत्याही स्वस्त उपायाने उतरत नाही.

तापमान अंदाजाने ठरवू नये. डिस्कच्या बाहेरच्या कडेवर लावायचे तापमानदर्शक रंग मिळतात: हिरवा ४३० अंशांना, केशरी ५६० अंशांना आणि लाल ६१० अंशांना बदलतो. तीन ठिपके लावून एक सत्र चालवावे. फक्त हिरवा गेला तर सर्व ठीक आहे. केशरी गेला तर पॅड त्या तापमानाचा आहे ना ते पाहावे. लालही गेला तर बिडाची डिस्क मर्यादेच्या जवळ आहे, आधी हवेची सोय करावी आणि त्यानंतरच मोठ्या डिस्कचा विचार करावा.

गाडी सिरॅमिकसह आली असेल तर

जुनी गाडी घेताना पुष्कळदा निवड आधीच्या मालकाने करून ठेवलेली असते. अशा वेळी चाके उतरवून डिस्कच्या कडा पाहाव्यात, कारण चाक बदलताना ते डिस्कवर आपटले की सिरॅमिकचा टवका उडतो. काही डिस्कच्या पृष्ठभागावर झीज दाखवणाऱ्या खुणा असतात, त्या पुसट झाल्या आहेत का ते पाहावे. आणि व्यवहार पक्का करण्याआधी चारही डिस्क उतरवून, कोरड्या करून वजन करून घ्यावे. विकणारा तयार नसेल, तर नव्या डिस्कची किंमत धरूनच गाडीचा भाव करावा.

ट्रॅकवर नियमित जायचे असेल, तर सिरॅमिक डिस्क चांगल्या स्थितीत असतानाच उतरवून, पॅडसह कापडात गुंडाळून, खोक्यात आडव्या ठेवून द्याव्यात आणि गाडीला बिडाचा संच बसवावा. पुढे गाडी विकताना त्याच डिस्क पुन्हा लावता येतात आणि त्यांची किंमत वसूल होते. बदल करताना एवढे तपासावे: नव्या डिस्कची जाडी आणि व्यास त्या कॅलिपरमध्ये बसतो का, पुढच्या आणि मागच्या ब्रेकचे प्रमाण तेच राहते का, आणि मागच्या डिस्कच्या पोटात हँडब्रेकचे ड्रम असेल तर नव्या डिस्कमध्ये त्याची जागा बरोबर आहे का. केवळ पुढच्या दोन डिस्क बदलून मागे सिरॅमिक ठेवण्याचा मोह होतो, पण त्यामुळे पुढे-मागे दोन जातींचे पॅड आणि दोन प्रकारची पकड होते. मी तसे करणार नाही.

सिरॅमिकवरच राहायचे असेल तर चाक काढता-घालताना हबमध्ये (चाक जिथे बसते तिथे) मार्गदर्शक पिन लावावी, ट्रॅकबाहेर गेलेली गाडी अडवणाऱ्या खडीच्या सापळ्यातून बाहेर आल्यावर डिस्क आणि कॅलिपरमध्ये अडकलेले खडे काढल्याशिवाय गाडी पुढे नेऊ नये आणि पॅड अर्धा झिजला की बदलावा, कारण पातळ पॅडमधून उष्णता ऑइलपर्यंत लवकर पोहोचते. वजन मात्र दर काही ट्रॅक दिवसांनी करावे आणि तारखेसह वहीत लिहून ठेवावे. दर दिवशी किती ग्रॅम जातात हे कळले की डिस्क कधी संपेल ते आधीच समजते.

नव्या बिडाच्या डिस्कचा पहिला दिवस

नवी डिस्क आणि नवे पॅड बसवल्यावर लगेच जोरात पळवू नये. आधी मध्यम वेगावरून आठ-दहा वेळा हलका, मग पाच-सहा वेळा थोडा जोराचा ब्रेक लावावा, पण गाडी पूर्ण थांबवू नये, आणि नंतर एक-दोन फेऱ्या ब्रेक न लावता थंड होऊ द्याव्यात. त्यामुळे पॅडचा पातळ, एकसारखा थर डिस्कवर बसतो. हा थर कमी-जास्त बसला की पुढे पेडलमध्ये थरथर येते आणि लोक 'डिस्क वाकडी झाली' म्हणून ती बदलायला नेतात. पुष्कळदा डिस्क सरळच असते आणि पुन्हा नीट थर बसवला की थरथर जाते.

प्रत्येक सत्राची शेवटची फेरी ब्रेकला जवळजवळ न शिवता मारावी. पॅडॉकमध्ये आल्यावर हँडब्रेक ओढू नये आणि पेडलवर पाय ठेवून उभे राहू नये. तापलेला पॅड एकाच जागी डिस्कला चिकटून तिथे डाग पडतो. गाडी गिअरमध्ये ठेवावी, चाकाखाली लाकडी ठोकळा द्यावा आणि चाके हाताला कोमट लागेपर्यंत तिथेच राहू द्यावी. त्यानंतर डिस्क गार झाली की प्रत्येक डिस्कवरून नख फिरवून पुढच्या सत्राला निघावे.